माडीवरचा पिशवीवाला

म्हशीला प्रश्न विचारून तिच्या उत्तराची वाट बघत उभा राहणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि तो माझ्या माडीवर भाड्यानं राहतो. हे मी कुणाहीसमोर छातीवर हात ठेवून सांगेन. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीच्या मास्तरांनी एकदा भर वर्गात म्हटलं, "काय म्हशीसारखा बसलायंस रं?" मी म्हटलं, "म्हस बसून का हुईना दूध देती गुरुजी, तुमी काय देता?" तिथं माझी शाळा संपली आणि गोठा सुरू झाला, तो अजून सुरू आहे. तेव्हा माणसं ओळखण्यात माझी चूक होत असेल, पण म्हशीपुढं उभं राहिलेलं माणूस कसलं आहे, हे मला लांबून कळतं. म्हशीला घाबरणारं असतं, म्हशीवर ओरडणारं असतं, म्हशीकडं न बघता तिच्या दुधाकडं बघणारं तर घरोघरी असतं. म्हशीला "तुला डावीकडनं धार काढलेली आवडते, की उजवीकडनं?" असं विचारून, चष्मा वर सरकवून, हात मागं बांधून थांबणारं माणूस मात्र मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

चार वर्षांपूर्वी तो गारगोटीहून आला. सोबत एक ट्रंक, एक खुर्ची, आणि तान्हं पोर गुंडाळावं तसा घोंगड्यात गुंडाळलेला कॉम्प्युटर. ट्रंक त्यानं हमालाला दिली, घोंगडं दिलं नाही. आमच्या दूध संस्थेनं त्याला जनावरांची माहिती कॉम्प्युटरवर चढवायच्या कामावर ठेवलं होतं. उंच, वाळक्या कडब्यासारखा, शर्टाची वरची गुंडी लावलेली, आणि मान कायम एका बाजूला कललेली, कुणीतरी हळू बोलतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही अशी. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या गोठ्यात वही घेऊन आला. मी म्हटलं, "पावणं, लांब ऱ्हावा." तो म्हणाला, "आण्णा, मी फक्त बघतो." तो बघत होता तोवर माझ्या म्हशीनं मान लांब केली आणि त्याच्या काखेतली वही ओढून शांतपणे खाल्ली. पुठ्ठ्यासकट. दुसरा कुणी असता तर बोंब मारली असती. हा तिच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "कागद खाते. हे लिहून ठेवायला हवं." आणि लिहायला वही शोधू लागला. त्या दिवसापासून त्यानं कागद सोडला तो सोडलाच. कागद भिजतो, उंदीर खातात, म्हस खाते. आता जे काय ते थेट यंत्रात, असं त्याचं व्रत झालं. हे व्रत पुढं त्याच्या अंगावर आलं. ते सांगतो, पण आधी पिशवीचं सांगायला पाहिजे, कारण सगळी पेठ त्याला पिशवीवाला म्हणते आणि निम्म्यांना का ते ठाऊक नाही.

एका दुपारी त्यानं मला त्याचं काम समजावून सांगायचा घाट घातला. टेबल, कॉलम, डेटाबेस, आणि त्यात आणखी जेसन म्हणून काहीतरी. मी डोळे मिटून ऐकत होतो. तो म्हणतो मी झोपलो होतो. आमची कारभारीण पलीकडं लसूण सोलत होती. ती म्हणाली, "आवो, सोपं हाय की. आपलं फडताळ हाय न्हवं, त्यात डबं ठरल्यालं. मीठ, साखर, चहा, डाळ. कुठल्या बी घरात जावा, त्येच. आन् खुंटीला पिशवी. तिच्यात काय असंल त्येचा नेम न्हाय. ह्या घरच्या पिशवीत सुईदोरा, त्या घरच्या पिशवीत आवळासुपारी." तो ताडकन उभा राहिला. म्हणाला, "काकी, कॉलेजनं मला हे शिकवायला तीन वर्षं घेतली, तुम्ही तीन वाक्यांत केलंत." म्हणजे प्रकार असा: प्रत्येक म्हशीची यंत्रात एक ओळ. त्या ओळीत फडताळाचे डबे, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, मालकाचं नाव, किती वेतं झाली, लस कधी. हे सगळ्यांना सारखं. आणि ओळीच्या शेवटी खुंटीला टांगलेली एक पिशवी, तिच्यात त्या म्हशीच्या स्वतःच्या गोष्टींच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीच्या डाव्या अंगाला गोष्टीचं नाव, उजव्या अंगाला काय ते. एकीच्या पिशवीत तीन चिठ्ठ्या, एकीच्या पिशवीत तेरा, एकीच्या पिशवीत आणखी एक छोटी पिशवी.

संस्थेचे चेअरमन म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. सभेत त्यांनी विचारलं, "ही लटांबळं कशाला? एकेका गोष्टीचा कॉलम करून टाक की सरळ." हा उभा राहिला. म्हणाला, "साहेब, एका म्हशीला रेडिओवरच्या बातम्या लागल्या की पान्हा फुटतो. एका म्हशीला. तिच्यासाठी कॉलम केला तर बाकीच्या चारशे म्हशींपुढं तो रिकामा. अशा गोष्टी सहाशे आहेत. मग सहाशे कॉलम आणि सगळे रिकामे. पंगतीला माणसं चार आणि पत्रावळ्या गावाच्या मांडल्यासारखं." सभा हसली. चेअरमन हसले नाहीत. ते म्हणाले, "मग त्या पिशव्यांतनं सापडतंय काय?" यानं दोन-चार बटणं दाबली. यंत्राला हुकूम असा, की ज्यांच्या पिशवीत लाथ नावाची चिठ्ठी आहे आणि तिच्यावर मारते असं लिहिलंय, तेवढ्या म्हशी पुढं या. एकोणीस म्हशी पुढं आल्या. त्यात पहिली चेअरमनांची. मागच्या बाकावरनं जनावरांचे डॉक्टर गुडघा चोळत म्हणाले, "खरं हाय." त्यानंतर डॉक्टर कुठल्याही गोठ्यात शिरायच्या आधी याला फोन करत, "काय रे, हिच्या पिशवीत काय?" आणि त्यांचा गुडघा शाबूत राहिला.

आता त्याच्या तऱ्हा. त्याच्यापुढं नुसतं 'न्हाय' म्हणून कुणी सुटत नाही. त्याच्याकडं न्हायचे तीन प्रकार आहेत. पिशवीत चिठ्ठीच नाही, म्हणजे आपण विचारलंच नाही. चिठ्ठी आहे पण उजवी बाजू कोरी, म्हणजे विचारलं होतं, पण कुणाला सांगता आलं नाही. आणि चिठ्ठी आहे आणि तिच्यावर नाही असं लिहिलंय, म्हणजे विचारलं आणि उत्तर मिळालं. या तिन्हींची गल्लत केली तर तो जेवत नाही. खाशाबाच्या गोठ्यात मी स्वतः हजर होतो. यानं खाशाबाच्या बायकोला विचारलं, "वहिनी, ही लाथ मारते का?"

"न्हाय."

"न्हाय म्हणजे मारत नाही, की ठाऊक नाही?"

"ठाऊक न्हाय म्हंजे? माझी म्हस हाय न्हवं!"

"म्हणजे मारत नाही, असं लिहू?"

"लिव्ह की. सोन्यासारखी हाय माझी..." एवढ्यात त्या सोन्यानं मागचा पाय असा फिरवला, की हा शेणाच्या पाटीत आणि चष्मा उकिरड्यावर. वहिनी तोंडाला पदर लावून हसतायत. हा उठला, चष्मा पुसला, फोन हुडकला, आणि उभ्या उभ्या चिठ्ठी दुरुस्त केली: मारते, परक्याला. मग वहिनींना म्हणाला, "तुमचंही खरं होतं वहिनी. तुम्हाला मारत नाही." घरच्यांना: नाही, अशी आणखी एक चिठ्ठी त्यानं घातली. माणसाचा अपमान होऊ नये म्हणून म्हशीच्या पिशवीत जादा चिठ्ठी घालणारा हा माणूस.

दुसरी तऱ्हा झाकायची. त्याच्या त्या लिखाणात पिशवीचं तोंड महिरपी कंसानं उघडतं आणि तसल्याच कंसानं बंद करावं लागतं. एक कंस उघडा राहिला तर यंत्र पिशवी आत घेतच नाही. एक स्वल्पविराम जास्त पडला तरी अडून बसतं, एखाद्या विहिणीसारखं. रोज तेच करून त्याच्या हाताला खोड लागली. जे उघडं दिसेल ते बंद करायचं. आमच्या घरातले डबे, दुकानांची फळकुटं, रस्त्यावरच्या परक्या मोटारींची दारं. एका लग्नात आचाऱ्यानं मीठ घालायला भाताचं झाकण काढलं, यानं घातलं. त्यानं काढलं, यानं घातलं. शेवटी वऱ्हाडानं अळणी भात खाल्ला. माझं फाटक तर त्यानं इतक्या वेळा बंद केलं, की नदीवरनं आलेली माझीच म्हस बाहेर आणि मी आत, असं आठवड्यातनं दोनदा व्हायचं. मी ओरडायचो, "आरं लेका, जनावर यायचं हाय अजून!" तो माडीवरनं म्हणायचा, "आण्णा, उघडं दिसलं."

एवढं सगळं होतं, पण माझ्या म्हशीची गोष्ट मी त्याला सांगितली नाही. स्पष्ट सांगतो, मुद्दाम सांगितली नाही. सगळ्या पेठेत कुणाची म्हस अडली तर लोक माझ्याकडं येत. कुठली कशानं बुजते, कुठली कशानं पान्हा चोरते, हे माझ्या तोंडावर. आणि आता डॉक्टर माझ्या दारावरनं पुढं जाऊन माडीकडं हाक मारायला लागले. तो विचारायला आला तेव्हा मी टाळूवर बोट ठेवून म्हटलं, "हे हाय न्हवं रजिस्टर. लाईट गेली तरी चालतंय." तो म्हणाला, "बरं. मग तुमच्या म्हशीची चिठ्ठी कोरी ठेवतो." मी म्हटलं, "ठेव कोरी."

पुढं एकदा कट्ट्यावर पैज लागली. माझं डोकं की त्याची पिशवी. लोकांनी प्रश्न काढला, की गाण्यावर दूध देणाऱ्या म्हशी पेठेत किती? मी बोटं दुमडत घडाघडा सहा नावं सांगितली. वर म्हटलं, "असल्या म्हशींच्या मालकांनी दूध विकू नये, तमाशाचा फड काढावा." सगळे हसले. यानं यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, सात. "सातवी कुठली?" मी गरजलो. त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग फोन खिशात घातला. म्हणाला, "चुकलं असेल आण्णा. सहाच असतील." बघा, एका न्हायसाठी जेवण सोडणारा माणूस, पण चूक कबूल केली आणि गप्प बसला. मी महिनाभर मिशीला तूप लावून फिरलो. घरी येऊन कारभारणीला सांगितलं, तर ती नुसती हसली आणि चुलीकडं वळली.

त्याच्या पुढच्या साली ती गेली. ते मी इथं लिहीत नाही. घर होतं तसं राहिलं, म्हस होती तशी राहिली, फक्त दूध थोडं कमी झालं. मी म्हटलं, वय झालं तिचं.

आता त्या व्रताचं. गेल्या वर्षी लाळ-खुरकुताची लस आली. दोन दिवस डॉक्टर सुई मारत होते आणि हा प्रत्येक म्हशीचं डोकं धरायला पुढं. पगार डोकं धरायचा नव्हता, पण कुठलीला कुठं खाजवलं की ती उभी राहते, हे त्यालाच ठाऊक. शेवटच्या रेड्यानं शिंग हलवलं आणि याचा उजवा पंजा दावणीत चेंगरला. हाताला हे एवढं फडकं बांधून तो तसाच यंत्रापुढं बसला. काम एवढंच होतं, की सगळ्या पिशव्यांत एकेक नवी चिठ्ठी सरकवायची: सुईला उभी राहिली की नाही. आता पिशवीत हात घालून एकच चिठ्ठी आत ठेवायचा हुकूम लांबलचक असतो. आणि पिशवीच काढून तिच्या जागी नवी पिशवी टांगायची, हा हुकूम आखूड असतो. डाव्या हाताच्या एका बोटानं टिपत, दमलेल्या जिवानं, त्यानं आखूड हुकूम दिला. यंत्राला काय. ते म्हणालं, सगळ्या ओळी बदलल्या. यालाही वाटलं, झालं काम. चारशे पिशव्या एका दमात उपड्या झाल्या आणि प्रत्येकीत एकच चिठ्ठी उरली. याच्याकडं नक्कल असायची, रोज संध्याकाळी यंत्र आपणहून एका डबीत नक्कल उतरवायचं, कालच्यावर आजची. त्या संध्याकाळीही उतरवली. रिकाम्या पिशव्यांची. आणि कागदावर तर त्या व्रतापायी एक अक्षर नव्हतं.

हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि कळलं ते पारूवहिनींच्या गोठ्यात. पारूवहिनी एकट्या, घर चालतं ते त्या एका म्हशीवर. म्हशीला ताप भरला म्हणून डॉक्टर आले, सुई भरली, आणि सवयीनं याला विचारलं, "पिशवीत काय?" यानं फोन बघितला. "काही नाही डॉक्टर. फक्त सुईला उभी राहिली, एवढंच." डॉक्टर वाकले. मी फाटकात उभा होतो. मी ओरडलो, "थांबा! गेल्या साली ह्याच औषधानं हिचा गळा सुजलाता! मरता मरता वाचली." पारूवहिनींनी कपाळावर हात मारला, "व्हय की वो! मी ह्येला सांगितलंतं!" डॉक्टरांनी सुई टाकून दिली, दुसरं औषध काढलं. म्हस वाचली. आणि मी, कधी नव्हे ती वेळ आली म्हणून, चारचौघांत म्हटलं, "कुठं गेली रं तुझी पिशवी?"

त्यानं दुसऱ्या म्हशीची ओळ उघडली. तिसरीची. चौथीची. मग तो तिथंच शेणात खाली बसला. असा चेहरा मी माणसाचा एकदाच बघितलाय, आरशात, त्याच्या आदल्या साली. तो शब्द परत तोंडात घेता आला असता तर मी घेतला असता.

दुसऱ्या दिवशी धार काढून मी कट्ट्यावर चहा पीत होतो. तो ट्रंक आणि घोंगड्यात गुंडाळलेलं यंत्र घेऊन खाली आला, किल्ली माझ्यापुढं धरली. "आण्णा, खोली सोडतो. साडेदहाची गारगोटी गाडी आहे. संस्थेत सांगून आलो."

"काय सांगितलंस?"

"लोकांनी विश्वासानं सांगितलेलं मी सांडलं. माझ्या हातून म्हस मेली असती. आता कुठल्या तोंडानं कुणाच्या गोठ्यात जाऊ?"

मी किल्लीकडं बघितलं नाही. हट्टी माणसाला एक कला येते, ऐकूच आलं नाही असं दाखवायची. म्हटलं, "घोंगडं सोड."

"आण्णा..."

"यंत्र काढ म्हंतो! लिही. खाशाबाची मुऱ्हा म्हस. लाथ मारते, परक्याला. घरच्यास्नी न्हाय. पुढं, पारूवहिनींची. तापाचं ते औषध चालत न्हाय. हे आधी लिही. पुढं, चेअरमनची. लाथ मारते, सगळ्यास्नी. चेअरमनला जास्त."

तो तसाच उभा होता. मग हळूच ट्रंकेवर बसला, मांडीवर यंत्र घेतलं. साडेदहाची गाडी गेली.

तीन दिवस हा कार्यक्रम चालला. सकाळची धार झाली की कट्ट्यावर बसायचं ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. मी सांगायचो, तो लिहायचा. दर म्हशीमागं मी त्याला दरडावून विचारायचो, "पिशवी उपडी न्हाय न्हवं केलीस?" आणि तो म्हणायचा, "नाही आण्णा. हात घालून चिठ्ठी ठेवली." मला वाटलं होतं, चारशे म्हशी मला तोंडपाठ. पहिल्या दिवशी दुपारी कळलं, की नाहीत. मला लाथा ठाऊक, शिंगं ठाऊक, कुठली किती देते ते ठाऊक. म्हणजे बाप्यांना जे ठाऊक असतं तेवढं. बाकीचं बायका येऊन सांगायला लागल्या. भांडी घासायची टाकून आल्या. "आण्णा, तुमास्नी काय म्हाईत? आमची म्हस ढग वाजला की रेडकाला चाटती, पाऊस थांबंस्तोवर." "आमच्या तिला हिरवं लुगडं दिसलं की बरं वाटतंय." "आमची? मी माहेरला गेलती तवा चार दिस वैरण खाल्ली न्हाय. ह्येनी काय सांगितलं असणार तुमाला!" खाशाबाची बायको भांडायलाच आली, की तिच्या म्हशीला घरच्यास्नी न्हाय ही चिठ्ठी परत मिळालीय का, ते दाखव आधी. त्यानं दाखवली, तेव्हा गेली.

तिसऱ्या दिवशी सगळ्या संपल्या. मी कमरेवर हात ठेवून उठलो. म्हटलं, "झालं. ऱ्हायली आमची. ती आधीपासनंच कोरी हाय."

तो पडद्याकडं बघत म्हणाला, "कोरी नव्हती आण्णा."

"म्हंजे?"

"काकींनी सांगितलं होतं. तुम्ही नाही म्हणालात त्याच आठवड्यात. तुम्ही संस्थेत दूध घालायला गेलात की त्या गोठ्यात बोलवायच्या. म्हणाल्या, ह्यास्नी सांगू नको, ह्येंचा मान ऱ्हाऊ दे." त्यानं चष्मा वर सरकवला. "सतरा चिठ्ठ्या होत्या. पेठेतली सगळ्यात मोठी पिशवी. म्हणून आकडा ध्यानात आहे. बाकीच्या पिशव्या परत भरता येतील हे मलाही कळत होतं आण्णा, माणसं आहेत सांगायला. मी ट्रंक भरली ती त्या एका पिशवीसाठी. मी तीन दिवस आठवतोय. अकराच आठवतात."

मी परत खाली बसलो. म्हटलं, "सांग."

तो सांगत गेला आणि लिहीत गेला. डाव्या शिंगामागं खाजवलं की डोळे मिटते. वही खाल्ली, ही त्याची स्वतःची. पेंडीच्या आंबोणात चिमूटभर हळद असेल तर आधी हुंगते, मग खाते. मालक मोठ्यानं खोकला की पान्हा चोरते. मालक बाजारला गेला की फाटकाकडं तोंड करून उभी राहते, आला की पाठ फिरवते, आपण वाट बघत होतो हे दिसू नये म्हणून. "हे वागणं म्हशीचं हाय का माझं?" मी विचारलं. तो म्हणाला, "मीही तेच विचारलं होतं. काकी म्हणाल्या, दोघांचं लिही." आणि मग म्हणाला, "घरात कुणी नसताना जात्यावरची ओवी म्हटली, तर शेवटची धार जास्त देते."

"म्हंजे ती सातवी..."

"होय."

फड काढावा असं मी सगळ्यांपुढं म्हणालो होतो, आणि तो "चुकलं असेल" म्हणून खाली मान घालून बसला होता, आणि ती चुलीकडं तोंड करून हसली होती. मी महिनाभर मिशी पिळत हिंडलो ते दोघांनी बघून घेतलं.

किल्ली त्यानं त्या दिवशी ठेवली ती परत उचलली नाही, मीही घेतली नाही, ती आपली कट्ट्यावरच्या कोनाड्यात पडून आहे. तो माडीवरच आहे. नक्कल आता सात डब्यांत निघते, वाराप्रमाणे, आणि आखूड हुकूम देण्याआधी तो मला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवतो. मला त्यातलं काही कळत नाही, मी "व्हय" म्हणतो. फाटक अजून बंद करतो. मी आता ओरडत नाही, हळू खोकतो, तेसुद्धा धार झाल्यावर.

राहिल्या होत्या सहा. त्यातल्या दोन मला सापडल्या. एक अशी, की धारेला बसण्याआधी बादलीची कडी दोनदा वाजवावी लागते. कारभारणीची ती सवय होती, मला वाटायचं बादली सैल आहे. दुसरी सांगत नाही, ती पिशवीत आहे. सापडली की मी खालनं हाक मारतो, तो वरनं धावत येतो, आणि म्हशीच्या पुढं उभा राहून तिला विचारून खात्री करून घेतो, मगच लिहितो.

परवा त्यानं विचारलं, "आण्णा, राहिलेल्या चार चिठ्ठ्या मी कोऱ्याच ठेवल्यात. म्हस म्हातारी झाली. हे वेत शेवटचं. कोऱ्या काढून टाकू का?"

मी शेवटची धार काढत होतो. कडी दोनदा वाजवली होती, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतही होतो. ते ऐकू जाऊ नये म्हणून थांबलो, तर म्हशीनं मान वळवून बघितलं.

"काढू नको," मी म्हटलं. "आन् न्हाय बी लिहू नको. त्या हाईत. अजून मला सांगितल्या न्हाईत, एवढंच."

तो बरं म्हणाला आणि वर गेला. मी बादली बाजूला ठेवली आणि तिच्यापुढं जरा वेळ तसाच उभा राहिलो, हात मागं बांधून.